वादळ टीव्हीवरचं आणि दारातलं

पावसाळा तोंडावर आला की बचत गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "टीव्हीवाले दरवेळी घाबरवतात, होत काहीच नाही." आज त्याबद्दलच बोलूया.

३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आठवा. दोन दिवस सगळ्या वाहिन्यांवर एकच धोशा होता, मुंबई, मुंबई आणि मुंबई. वादळ आलं ते अलिबागच्या दक्षिणेला, ताशी १०० ते ११० किलोमीटरच्या वाऱ्यानं. मुंबई, नवी मुंबई बऱ्यापैकी वाचली आणि लोक म्हणाले, "बघा, उगाच घाबरवलं." पण त्याच दुपारी श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडे घरांचे पत्रे उडत होते, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या होत होत्या. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, ती काही तासांत गेली. नवी मुंबईत घरोघरी कोकणातली माणसं आहेत. टीव्हीवर मुंबईचा समुद्र दिसत होता आणि गावाकडे फोन लागत नव्हता.

आता नीट बघा, चुकलं कोण? हवामान खात्याने हरिहरेश्वर ते दमण हा पट्टा आणि त्यातही अलिबागच्या जवळ, असं सांगितलं होतं. म्हणजे इशारा खरा होता, गाजावाजा भलतीकडे होता. त्या इशाऱ्यावरूनच रायगडात कच्च्या घरांतल्या हजारो लोकांना आधी हलवलं. एवढ्या मोठ्या वादळात माणसं कमी दगावली, त्याचं हे मोठं कारण.

पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ ला तौक्ते आलं. ते किनाऱ्याला धडकलं गुजरातमध्ये, पण जाता जाता मुंबईत कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा नोंदवला गेला. भर समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, ७० हून जास्त गेली. इशारा आधीच आलेला होता.

म्हणून बायांनो, आवाज चढला म्हणून घाबरायचं नाही आणि मागच्या वेळी काही झालं नाही म्हणून झोपायचंही नाही. बातमीत तीन गोष्टी शोधा : कोणता जिल्हा, कोणता दिवस, कोणता रंग. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. मोबाइलवर आलेल्या व्हिडिओत गाव आणि तारीख नसेल तर तो पुढे पाठवू नका. जुन्या वादळाचे व्हिडिओ दरवर्षी नव्याने फिरतात.

घरातली तयारी आपली आपण करायची. आधार, रेशनकार्ड, पासबुक, गटाचं दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. फोन चार्ज करा, पाणी भरून ठेवा, पत्रे आवळून घ्या. वारा सुरू झाला की गॅसचा रेग्युलेटर बंद. मध्येच वारा एकदम पडला तर बाहेर धावू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो, मग उलट्या दिशेने वारा येतो.

पण ज्या माउलीचं घरच कुडाचं, तिला "तुझी जबाबदारी तू बघ" म्हणून कसं चालेल? तिथे गट लागतो. म्हाताऱ्या, गरोदर, एकट्या राहणाऱ्या बायांची यादी आजच करा. कोणाला कोण शाळेत किंवा पक्क्या घरात घेऊन जाणार, ते नावानिशी ठरवा. अडचणीत जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि तातडीला ११२ हे नंबर भिंतीवर लिहा. नुकसान झालंच, तर आवराआवर करण्याआधी फोटो काढा, पंचनाम्याला उपयोगी पडतात.

येत्या बैठकीत हप्ता गोळा करण्याआधी दहा मिनिटं या यादीला द्या. वादळ कुठे वळेल ते आपल्या हातात नाही, यादी आहे.