आधी रक्त, मग औषध
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



निमंत्रणपत्रिकेवर ‘हृदयाच्या कृत्रिम झडपा आणि जंतुसंसर्ग’ असा भारदस्त विषय छापला आहे. परंतु जे मला ओळखतात त्यांना ठाऊक आहे की, विषय कोणताही नेमून दिला तरी मी अखेरीस एकाच मुक्कामाला पोहोचतो, आणि तो मुक्काम म्हणजे ब्लड कल्चर, अर्थात रक्तातील जंतू बाटलीत वाढवून ओळखण्याची तपासणी. (हशा.) बालपणी आलेल्या ऱ्हुमॅटिक तापामुळे आपल्याकडे झडपा निकामी होतात, १९६० साली अमेरिकेत पोर्टलंड येथे अल्बर्ट स्टार यांनी लॉवेल एडवर्ड्स या अभियंत्याने सिद्ध केलेली चेंडूची झडप रुग्णाच्या हृदयात बसविली, तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेची स्वदेशी झडप १९९० साली प्रथम वापरात आली, हे सारे या सुविद्य श्रोतृवृंदाला अवगत आहेच असे गृहीत धरून मी पुढे जातो.

झडप बदललेल्या शंभरांपैकी एक ते सहा जणांना केव्हा ना केव्हा तिच्यावर जंतूंचा संसर्ग होतो. पहिल्या वर्षात तो बहुधा शस्त्रक्रियेच्या वा इस्पितळातील वास्तव्याच्या काळात त्वचेवरून शिरलेल्या जंतूंचा असतो; पुढे तोंडातील जंतूंचा वाटा वाढतो. धातूची झडप घ्यावी की प्राण्याच्या ऊतीची, यावर घरोघरी जो खल होतो तो या बाबतीत व्यर्थ आहे, कारण दोहोंचा धोका जवळजवळ सारखाच. जंतू झडपेवर स्वतःभोवती चिकट पापुद्रा विणून आत दडून बसतात, तेथे ना रक्तातील पांढऱ्या पेशींचा इलाज चालतो ना अर्ध्या मात्रेच्या गोळीचा.

आणि नेमकी तीच गोळी आपण देतो! झडप बदललेल्या रुग्णाचे संध्याकाळी अंग कोमट लागते, भूक मंदावते. कोणी म्हणते हवापालट, कोणी म्हणते दगदग. शेजारच्या दुकानातून तीन दिवसांचे प्रतिजैविक येते, ताप उतरतो, आठवड्याने परततो, मग दुसरे, अधिक महागडे प्रतिजैविक. अखेर रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा ब्लड कल्चरच्या बाटलीत काहीच उगवत नाही. पंचनाम्याच्या आधीच मुद्देमाल धुऊन टाकावा, तसा हा प्रकार. माझ्यावर नेहमीची फिर्याद अशी की, मी फॅमिली डॉक्टरांच्या पोटावर पाय देतो. मुळीच नाही, रक्त त्यांनीच घ्यावे की! वेगवेगळ्या शिरांतून तीनदा, त्वचा नीट निर्जंतुक करून, बाटलीचे रबरी बूच स्पिरिटने पुसून, दर बाटलीत आठ-दहा मिलिलिटर. रुग्ण अत्यवस्थ असेल तर हे काही मिनिटांत उरकून लगेच औषध सुरू करावे. खोळंबा करा असे माझे म्हणणे नाही.

या ठिकाणी मला गुस्ताव्ह मालर या थोर संगीतरचनाकाराची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले तरी चालेल. त्याची झडप स्वतःचीच, पण जुनी सदोष. १९११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला अंगात ताप असताना त्याने वाद्यवृंदाचे संचालन केले. तो त्याचा अखेरचा जलसा ठरला. डॉक्टर एमॅन्युएल लिबमन यांना झडपेवरील जंतुसंसर्गाचा संशय आला, तेव्हा त्यांचे तरुण सहकारी जॉर्ज बेअर यांनी थेट हॉटेलात जाऊन दंडाच्या शिरेतून वीस मिलिलिटर रक्त घेतले आणि तेथेच काही रक्त वितळवलेल्या अगारमध्ये, म्हणजे जंतू वाढविण्याच्या माध्यमात, मिसळून बशांत ओतले. चार-पाच दिवसांत बशांमध्ये जंतूंच्या वसाहतींचे ठिपकेच ठिपके. मालरने सत्य सांगा असा हट्ट धरला, ते ऐकले, आणि व्हिएन्नाला परतून १८ मे रोजी देह ठेवला. पेनिसिलिन नव्हते, निदान मात्र निःसंशय होते. आज कपाटभर औषधे आहेत, आणि ठिपके पाहायला आम्हांस मिळत नाहीत...

पहिल्या रांगेतील आमचे दंतवैद्य मित्र मघापासून चुळबुळत आहेत. त्यांचा आक्षेप असा की, दात काढण्याच्या तासभर आधी अमॉक्सिसिलिनचे दोन ग्रॅम द्या असे मीच सांगतो, आणि तापात तेच औषध मना करतो. हा कोणता न्याय? (हशा, टाळ्या.) महाराज, दात काढताना जंतू रक्तात उतरतील हे आधीच ठाऊक असते, म्हणून तेवढ्यापुरता बंदोबस्त, तापात शत्रू कोण तेच ठाऊक नसते. शिवाय त्या एका मात्रेवरही एकमत नाही: २००८ साली इंग्लंडच्या मार्गदर्शकांनी ती नकोच म्हटले, अमेरिकेने २००७ साली फक्त जास्त धोक्याच्या रुग्णांपुरती ठेवली. निर्विवाद एवढेच की, किडके दात आणि सुजलेल्या हिरड्या यांची तजवीज झडप बसविण्याच्या आधीच व्हावी, कारण नुसत्या ब्रशनेही जंतू रक्तात जातात, आणि ब्रश रोजचा आहे.

घंटा दुसऱ्यांदा झाली. सहा आठवडे शिरेतून द्यावयाची औषधे आणि पुन्हा झडप बदलण्याचा प्रसंग, हे दोन्ही विषय राहिले ते राहिले. दाराशी टेबलावर मी छापून आणलेली कार्डे आहेत. ‘हृदयात कृत्रिम झडप आहे, ताप असल्यास प्रतिजैविकापूर्वी रक्ताचे नमुने घ्यावेत’ एवढाच त्यावर मजकूर. झडप असलेल्यांनी एक खिशात ठेवावे, एक फॅमिली डॉक्टरांकडे द्यावे. कार्डाला मूल्य नाही. शेजारची पेटी कार्यवाहांची आहे, ती सभागृहाच्या पंख्यांसाठी. (हशा.)