गाद्यांचे दुकान आणि राज्याचे पालकत्व



अमेरिकेत आईबापांच्या घरी राहणे धोक्याचे ठरले, तर न्यायालयाच्या आदेशाने मुलाला प्रतिपालक व्यवस्थेत ठेवतात. सप्टेंबर 2023 अखेर अशी सुमारे 3 लाख 43 हजार मुले होती. कॅलिफोर्नियात 1985 साली सुरू झालेल्या ‘स्लीप ट्रेन’ या गाद्यांच्या कंपनीने या मुलांसाठी आपल्या दुकानांतून गिऱ्हाइकांकडून रात्रीचे कपडे, बूट, शालेय साहित्य गोळा केले. अपरात्री घर सोडावे लागलेल्या पोराला अंगावर घालायला नवा सदरा मिळणे क्षुल्लक नव्हे. त्याची टिंगल समाजवाद्यांनी तरी करू नये. (सदरा गिऱ्हाइकाचा आणि नाव दुकानाचे, एवढे मात्र नोंदवून ठेवावे.)

परंतु 2014 साली ही कंपनी ‘मॅट्रेस फर्म’ने विकत घेतली. 2016 साली ‘मॅट्रेस फर्म’ला ‘स्टाइनहॉफ’ने घेतले. डिसेंबर 2017 मध्ये ‘स्टाइनहॉफ’चा हिशेबातील घोटाळा उघडकीस आला. ऑक्टोबर 2018 मध्ये ‘मॅट्रेस फर्म’ने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला व 700 पर्यंत दुकाने बंद करण्याची योजना मांडली. मुलांसाठीचा उपक्रम नव्या मालकाने आपल्या नावाने पुढे चालवला होता, हे खरे. तरी ज्या मदतीचे भवितव्य अशा सौद्यांवर अवलंबून, तिला पालकत्व कसे म्हणावे?

मुलाला घरातून उचलणारे शासन आहे. तेव्हा पालकही तेच. उचलण्याच्या कारणांत सर्वांत मोठे कारण मारहाण नसून हेळसांड हे आहे, आणि ती पुष्कळदा दारिद्र्यापासून वेगळी काढता येत नाही. थकलेले घरभाडे आणि आई कामावर असताना मुलाजवळ कोणी नसणे, यांवर गोळा केलेल्या बुटांचा काय उपाय? शिवाय अठराव्या वर्षी मूल ‘सज्ञान’ होते. 2008 च्या संघीय कायद्याने हा आधार एकविसाव्या वर्षापर्यंत वाढवण्यास राज्यांना पैसा देऊ केला, सक्ती मात्र केली नाही.

आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावयास लावले. पण कोणत्या मुलाला काय द्यावे, हे कंपनीच ठरवते. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत 2023 पासून दरमहा 2,250 रुपये ठरले आहेत. रक्कम तुटपुंजी खरी. पण ती थकली, तर नातवंडे सांभाळणाऱ्या आजीला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यासमोर उभे राहून जाब विचारता येतो. तिच्याबरोबर तेथवर जाणे, हे कार्यकर्त्याचे काम.