माक्याचे तेल : एक घरगुती प्रयोग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून भाषा आणि संस्कृती यांविषयी बोलावे, असा संकेत आहे. आम्ही मात्र केसांना लावण्याच्या तेलाविषयी बोलणार आहोत. आमच्या मस्तकाची आजची स्थिती पाहता या विषयातील आमचा अधिकार आपणांस शंकास्पद वाटेल. म्हणून प्रारंभीच सांगतो की, प्रयोग आमच्यावर झालेला नाही.

२००९ साली आमची बदली जोधपूरला झाली. वसाहतीत कूपनलिकेचे पाणी येई. ते इतके जड की डाळ लवकर शिजेना आणि साबणाला फेस येईना. त्याच पावसाळ्यात आमच्या तेरा वर्षांच्या कन्येस विषमज्वर झाला. ती त्यातून बरी झाली. पण दिवाळीच्या सुमारास तिचे केस गळू लागले. फणीत झुबके येत, उशीवर केस पडत. ती डोक्याला ओढणी गुंडाळून शाळेत जाऊ लागली आणि एके दिवशी, आता शाळेतच जाणार नाही, असे सांगून दार लावून बसली.

डॉक्टरांनी रक्त तपासले आणि आमची समजूत घातली. मोठ्या तापात पुष्कळसे केस वाढ थांबवून एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोनतीन महिन्यांनी एकत्र गळतात. मुळे शाबूत असतात. नीट आहार ठेवा, काही महिन्यांत केस आपोआप परत येतील, असे ते म्हणाले. आमचे समाधान झाले. कन्येचे झाले नाही. त्या वयात काही महिने म्हणजे युगच.

त्या वेळी आमच्या मातोश्री आमच्याकडे होत्या. राजापूर तालुक्यातील खेड्यात उभे आयुष्य गेलेले. हिंदी येत नव्हते. शेजारणींशी बोलणे नाही आणि नात मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर देणारी. दिवसभर त्या खिडकीशी बसत. आपण या घरात कोणाच्या उपयोगाच्या नाही, हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. पण ते आम्हांस दिसत होते. नातीचे रडणे ऐकून त्या उठल्या आणि आम्हांस म्हणाल्या, “डॉक्टर सांगतो ते कर. पण मला माका आणून दे.”

माका आपल्याकडे भाताच्या बांधावर, पाणंदीच्या कडेला, ओल असेल तेथे आपोआप उगवतो. पांढरी बारीक फुले आणि खरखरीत पाने. चुरगाळली तर बोटे काळी होतात. हिंदीत यालाच भृंगराज म्हणतात. परंतु मारवाडच्या वाळूत तो कोठे शोधावा? अखेर एका रोपवाटिकेत पाण्याच्या पाटाकडेला तो सापडला. कार्यालयातून परतताना, हातात फायलींची पिशवी असलेला अधिकारी चिखलात उकिडवा बसून तण उपटतो आहे, हे पाहून तेथल्या माळ्याने आमच्याकडून पैसे घेतले नाहीत.

आता कृती. माका मुळांसह स्वच्छ धुऊन वाटावा आणि पिळून रस काढावा. एक वाटी खोबरेल तेलास चार वाट्या रस. आयुर्वेदातही तेल सिद्ध करण्याचे हेच प्रमाण आहे. त्यात थोडा वाटलेला माका आणि जास्वंदीची दोनचार फुले घालून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवावे. प्रथम चरचर होते. पाणी आटले की आवाज थांबतो. तळाचा चोथा चिमटीत घेऊन त्याची वात वळावी व पेटवावी. न तडतडता जळली की तेल झाले. ओल राहिली तर तेल खवट होते. थोडे गार झाल्यावर गाळून बाटलीत भरावे.

दर शनिवारी रात्री तेल आणि रविवारी सकाळी न्हाणे, असा नेम ठरला. साबण बंद झाला. शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी रात्री भिजवून सकाळी उकळायची. जड पाण्यातील चुन्याशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका केसांवर बसतो. शिकेकाई व रिठा यांच्या फेसाचे तसे होत नाही. मातोश्रींना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पाण्याला हात लावून त्यांनी ओळखले.

पहिल्या शनिवारी नात नाइलाजाने बसली. दुसऱ्या शनिवारी आजीने गावच्या विहिरीत पडलेल्या रेड्याची हकीकत अर्ध्यावर सोडली. तिसऱ्या शनिवारी नात स्वतः पाट घेऊन आली आणि म्हणाली, “आजी, मग त्या रेड्याचं काय झालं?” मराठीत म्हणाली. आम्ही वर्तमानपत्रामागे बसून होतो. पुढचे अक्षर आम्हांस दिसले नाही.

गुढीपाडव्यापर्यंत तिच्या डोक्यावर बोटाबोटाचे नवे केस उभे राहिले. मातोश्रींनी आम्हांस विचारले, “गुण आला ना रे माझ्या तेलाचा?” आम्ही म्हणालो, “आला, आई.”

डॉक्टरांचे शब्द आम्हांस स्मरत होते. ते केस तेलाविनाही आले असते. २०१६ साली मातोश्री निवर्तल्या; हे आम्ही त्यांना कधीच सांगितले नाही. आज आपणांसमोर ते नोंदवतो, कारण अर्धा अहवाल देण्याची आम्हांस सवय नाही. तेलाचे श्रेय तेवढे तेलाला द्यावे. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुण्याविंचरण्यातील झीज कमी करते, असे मुंबईतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केले आहे. म्हणजे असलेला केस ते राखते. गळलेला केस परत आणण्याचा दावा आम्ही करणार नाही. आणि टक्कल चकत्यांनी पडत असेल, खाज वा फोड असतील, अशक्तपणा असेल, तर आधी डॉक्टरांकडेच जावे.

मग आम्ही खोटे बोललो काय? यावर पुष्कळ विचार केला. त्या हिवाळ्यात एक मुलगी पुन्हा शाळेत जाऊ लागली, एक वृद्धा खिडकीपासून उठली आणि आमच्या घरात मराठी परत आली. हा गुण कोणाचा म्हणावा?

आमची कन्या आता चेन्नईत नोकरी करते. मध्यंतरी तिचा दूरध्वनी आला. “बाबा, तेलाला रसाचं प्रमाण किती होतं? इकडे माक्याला करिसलांकण्णी म्हणतात. बाजारात चक्क भाजी म्हणून जुड्या मिळतात.” चिखलात उकिडवे बसण्याची पाळी तिच्यावर आली नाही, याचे आम्हांस समाधान वाटले. एकास चार, आम्ही सांगितले. आणि चरचर थांबेपर्यंत कढईजवळून हलू नकोस, हेही सांगितले.