अळी लपत का नाही?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. साताऱ्याला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी मी विद्यार्थ्यांना झाडे-किडे दाखवीत हिंडत होतो. रुईच्या झुडपावर फुलपाखराची एक अळी होती. अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे. दहा पावलांवरून नजरेत भरावी अशी.

"सर, एवढा थाट कशासाठी?" एका मुलीने विचारले.

मी सवयीने सांगून टाकले, "जोडीदाराचं लक्ष वेधायला. मोर नाही का पिसारा फुलवीत?"

ती क्षणभर थांबली नि म्हणाली, "पण सर, अळीला कुठला जोडीदार? लग्न तर फुलपाखराचं!"

मुले हसली, मीही हसलो. पण सांगलीला घरी परतेपर्यंत ते उत्तर मला टोचत राहिले.

पुस्तके काढली तेव्हा थोडा धीर आला. हाच प्रश्न खुद्द चार्ल्स डार्विन यांना पडला होता आणि १८६७ साली त्यांनी तो आल्फ्रेड वॉलेस यांना विचारला होता. वॉलेस म्हणाले, हा भडक रंग म्हणजे दारावरची पाटी आहे: 'मी बेचव आहे, वाटेला जाऊ नका.' अळीचे अंग नाजूक. पक्ष्याने चोच मारून मग थुंकून दिले, तरी तिचा जीव जायचाच. म्हणून ओळख आधीच पटायला हवी. पुढे जेनर वियर यांनी आपल्या पाळीव पक्ष्यांपुढे अळ्या टाकून पाहिल्या. मळकट रंगाच्या, गुळगुळीत अळ्या पक्ष्यांनी मटकावल्या. भडक रंगाच्या बहुधा नाकारल्या.

आता आपल्या रुईकडे वळू. तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नको, असे घरोघरी बजावतात. त्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषे असतात. अळी ती पचवते, अंगात साठवते आणि ती फुलपाखरातही उतरतात. हे नारिंगी फुलपाखरू कसे रमतगमत उडते पाहा! एकदा तोंड कडू झालेला पक्षी तो रंग सहसा विसरत नाही. मग घाई कशाला? याच रुईवर निळ्या-पिवळ्या रंगाचा टोळ असतो. त्याचे पिल्लू चिमटीत धरले, तर अंगातून चिळकांडी उडवते. म्हणजे रंगाच्या जोडीला कृतीही आहे.

पाटी आली, की खोटी पाटीही आली. आपल्याकडे एका दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब तसेच नारिंगी पंख घेऊन, तशीच संथ उडते. तिची अळी मात्र घोळ खाते. आपण जिची भाजी करतो तीच घोळ! विषाचा तिथे पत्ता नाही. अशा सोंगाचा उलगडा हेन्री बेट्स यांनी अ‍ॅमेझॉनच्या अरण्यातील फुलपाखरांवरून १८६२ मध्ये केला. पण हे सोंग खरी कडू फुलपाखरे पुरेशी आहेत तोवरच चालते. सोंगेच वाढली, तर पक्षी बेधडक चोच मारू लागतील आणि खऱ्या पाटीचीही किंमत जाईल.

म्हणून एक विनंती. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी रुईची पाने तोडाल, तेव्हा पट्टेरी अळीचे पान तेवढे सोडा. पक्ष्याला तिने पाटी दाखवली आहे. आपल्यापुढे तिचा काही इलाज नाही.

आणि त्या मुलीला? पुढच्याच तासाला मी सर्वांसमोर सांगितले, "माझं उत्तर चुकलं होतं. प्रश्न तुझाच बरोबर होता."