अर्जन आणि अध्ययन

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात डोंबिवली येथे केलेले भाषण)



आज येथे गौरव झालेल्या मुलामुलींपैकी कित्येकजण महाविद्यालयात शिकत असतानाच शिकवण्या घेतात, दुकानात हिशेब लिहितात, घरोघर वस्तू पोहोचवितात. त्यांचे कौतुक करावे तितके थोडेच. तथापि केवळ कौतुक करून आपले कर्तव्य संपत नाही.

स्वकष्टाने शिकण्याची परंपरा महाराष्ट्राला नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, स्वतः रांधीत, शेतात राबत. त्यांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. ‘कमवा आणि शिका’ म्हणताना यातील मर्म मात्र आपण विसरतो. तेथे काम किती घ्यावयाचे हे ठरविणारा मनुष्य मुलाच्या विद्येचीच चिंता वाहणारा होता. आजच्या मालकाला ती चिंता असेलच असे नाही. म्हणून ती मर्यादा विद्यार्थ्याने व त्याच्या घरच्यांनीच घालावयास हवी.

साधे गणित मांडू. डोंबिवलीहून मुंबईच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाचे निद्रेत ७ तास, वर्गात ५, लोकलच्या प्रवासात ३ आणि स्नान-भोजनात २ तास जातात. उरतात ७. त्यांपैकी ४ तास काम केले, तर अभ्यासास ३ मिळतात. ७ तास केले, तर शून्य! मग वर्ग बुडू लागतात, आणि मुंबई विद्यापीठाचा ७५ टक्के उपस्थितीचा नियम आडवा येतो. येथल्या पेंढरकर किंवा कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयात प्रवेश घेतल्यास प्रवासाचा बराच वेळ वाचतो. तीही कमाईच होय. ज्याला पूर्ण वेळ नोकरी अटळच आहे, त्याच्यासाठी १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

पालकांना माझी विनंती आहे की, मुलांची मिळकत फी, पुस्तके व रेल्वेचा पास यांसाठीच राखून ठेवावी. ती एकदा घरखर्चात मिसळली की तिच्यावाचून घर चालेनासे होते आणि अखेरीस शिक्षणच अनावश्यक वाटू लागते. पुष्कळांची पदवी अशी हातची जाते, आणि नापास झालेल्यांप्रमाणे त्यांची नोंदही कोठे होत नाही.

मंडळालाही एक सूचना करतो. शाली, श्रीफळे व सन्मानचिन्हे यांवरील खर्च कमी करून एक लहानसा निधी उभारावा. त्यातून गरजू विद्यार्थ्यांस परीक्षेपूर्वीच्या दोन महिन्यांसाठी बिनव्याजी रक्कम द्यावी, म्हणजे त्या काळात त्यांना काम थांबविता येईल. नोकरी लागताच त्यांनी ती फेडावी व पुढच्याची सोय करावी. हे दान नव्हे, परस्परांचे ऋण होय.

विद्यार्थिमित्रहो, श्रमाची लाज बाळगू नका. परंतु आज हाती पडणाऱ्या पैशासाठी उद्याची विद्या गहाण टाकू नका.