संशोधनाचा अग्रक्रम कोणी ठरवायचा?



संशोधनाला पैसा सरकारने द्यावा आणि विषय विद्वानांनी निवडावेत, ही जुनी वाटणी. युरोपात ती आता तशी राहिलेली नाही. युरोपीय संघाने २०१३ साली नियम केला की, २०१४ ते २०२० या काळात प्रादेशिक विकास निधीतून संशोधनासाठी पैसा हवा असेल, तर त्या देशाने वा प्रदेशाने ‘चाणाक्ष विशेषीकरणा’ची योजना आधी सिद्ध केली पाहिजे. सगळीकडे थोडे थोडे शिंपडू नका, आपले बळ जिथे आहे ती मोजकी क्षेत्रे निवडा, हा या कल्पनेचा मथितार्थ. डॉमिनिक फोरे आदी अर्थशास्त्रज्ञांनी मांडलेली ही कल्पना शहाणपणाची आहे. वाद आहे तो निवडणाऱ्याविषयी.

स्पेनमधील बास्क प्रदेशाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १९७९ च्या स्वायत्तता कायद्याने वैज्ञानिक संशोधनाचा अधिकार, केंद्राशी समन्वय राखून, या प्रदेशाकडे आला. १९८१ च्या आर्थिक कराराने कर गोळा करण्याचा अधिकार आला. हा दुसरा अधिकार नसता तर पहिला कागदावरच राहिला असता! परंतु तेथील संशोधनाचे एक मूळ याहून जुने आहे. मोंद्रागोन या गावी अरिझ्मेंदिअरिएता नावाच्या पाद्र्याने १९४३ साली तंत्रशाळा काढली. तिच्या विद्यार्थ्यांनी १९५६ साली सहकारी कारखाना उभारला. त्याची मालकी तेथे राबणाऱ्यांचीच. परक्यांच्या परवान्यांवर माल काढण्यात कायमची ताबेदारी असते. या सहकारी चळवळीने १९७४ साली इकेर्लान ही स्वतःची संशोधनसंस्था स्थापन केली. ज्याला योजनाकार ‘प्रदेशाचे बळ’ म्हणतात, ते अंशतः असे कामगारांच्या हातून घडलेले आहे.

आणि तरीही युरोपीय नियमात क्षेत्रे निवडण्याच्या प्रक्रियेला नाव मिळाले ते ‘उद्योजकीय शोध’ असे. सहभागी व्हावयाच्यांत विद्यापीठे व उद्योग यांच्याबरोबर ‘सामाजिक भागीदार’, म्हणजे मालकांच्या व कामगारांच्या संघटना, यांचाही उल्लेख आहे. पण उल्लेख होणे आणि निर्णयात वाटा मिळणे यांत अंतर असते. ज्याच्याजवळ अर्ज लिहिणारे तज्ज्ञ आहेत, त्याचा ‘शोध’ लवकर लागतो. दुर्बल प्रदेशांची तर दुहेरी कोंडी होते. नवनिर्मितीची गरज त्यांना अधिक आणि निधी पचविण्याची ताकद कमी. मग शेजाऱ्यासारखीच यादी तयार होते व ब्रुसेल्सची अट कागदोपत्री पुरी होते. स्वायत्तता खाली आली, तरी तिजोरीची किल्ली वरच राहिली.

बास्क सरकारच्या २०१४ च्या योजनेत प्रगत उत्पादन, ऊर्जा आणि जीवविज्ञान-आरोग्य ही तीन क्षेत्रे अग्रक्रमाची ठरली. अन्न, नागरी वस्ती, परिसर व सांस्कृतिक उद्योग यांना ‘संधीची क्षेत्रे’ म्हणून दुसऱ्या पंगतीत बसविण्यात आले. ही पंगत कोणी लावली, आणि त्या वेळी कारखान्यातील कामगार व वस्तीतील भाडेकरू कोठे होते, हे योजना वाचताना विचारले पाहिजे.