अखेरची फेरी आणि वस्ताद



या व्याख्यानमालेत संतांवर, इतिहासावर, शेतीवर बोलणारी मोठी माणसे येतात. त्यांच्या पंक्तीला बसून आम्ही क्रिकेटवर बोलावे हे काहींना हलके वाटेल. शिवाय आम्ही नामवंत खेळाडू नाही, पंच नाही, कोणत्या मंडळाचे सभासदही नाही. आम्ही नुसते शौकीन. परंतु कुस्तीच्या फडाभोवती बसणाऱ्याला मत असते, तसे आम्हांलाही आहे, आणि ते आपल्या मुलाबाळांच्या उपयोगाचे आहे असे वाटले म्हणून उभे राहिलो.

प्रश्न असा की मोसमाच्या अखेरीस संघ हरला, तर त्याच्या शिक्षकाला काढावे काय?

रणजी करंडकाची रीत आपण जाणताच. २०२४-२५ च्या मोसमात वरच्या श्रेणीत ३२ संघ होते, आठ-आठांचे चार गट. प्रत्येकाने साखळीत सात सामने खेळायचे, गटातले पहिले दोन पुढे जायचे, आणि तेथून बाद फेरी. तेथे एक चूक झाली की गाशा गुंडाळायचा. साखळी महिनोन्महिने चालते, बाद फेरीचा सामना पाच दिवसांत संपतो. आणि शिक्षकाचा न्याय मात्र बहुधा या पाच दिवसांवरून होतो. आमची तक्रार आहे ती एवढीच.

चंद्रकांत पंडितांचे उदाहरण घेऊ. त्यांच्या हाताखाली मुंबईने २०१५-१६ मध्ये करंडक जिंकला. पुढच्याच वर्षी इंदूरला अंतिम सामन्यात पार्थिव पटेलने १४३ धावा काढल्या, गुजरातने प्रथमच करंडक नेला, आणि मुंबईने शिक्षक बदलला. पंडित विदर्भात गेले. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाने तोवर अंतिम फेरीदेखील पाहिली नव्हती. त्या संघाने २०१७-१८ मध्ये करंडक जिंकला आणि लगेच पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. मात्र पहिल्या विजयाआधीचा उपांत्य सामना आठवा. कलकत्त्याला विदर्भाने कर्नाटकाला हरवले ते अवघ्या पाच धावांनी! कर्नाटकाच्या तळाच्या फलंदाजांनी आणखी दोन चौकार मारले असते, तर पंडितांच्या विद्येत तिळमात्र फरक पडला नसता; पण लोकांनी त्यांना अपयशी म्हटले असते.

हेच पंडित १९९९ मध्ये मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. बंगळूरच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेऊनही ते हरले. तेवीस वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याच मैदानावर त्याच मध्य प्रदेशाचे शिक्षक म्हणून त्यांनी करंडक मिळवून दिला, आणि समोर होती मुंबईच!

त्या पराभूत मुंबईचे शिक्षक होते अमोल मुझुमदार. पुढील मोसमातली गंमत ऐका. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई आणि आपला महाराष्ट्र समोरासमोर आले. पहिल्या डावात दोघांच्याही धावा ३८४! ना यांना आघाडी, ना त्यांना. सामना अनिर्णित राहिला आणि दोन्ही मराठी संघ बाहेर राहून आंध्र पुढे गेला. दोघे भाऊ बांधावरून भांडले आणि पीक शेजाऱ्याने नेले, तशातली गत. मुंबईने पुन्हा शिक्षक बदलला.

मुझुमदारांकडे त्याच वर्षी भारताच्या महिला संघाची जबाबदारी आली. २०२५ च्या विश्वचषकात या संघाने साखळीत ओळीने तीन सामने गमावले. मग उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचे लक्ष्य गाठले, आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून जगज्जेतेपद मिळवले. तिसऱ्या पराभवानंतर शिक्षकाला घरी पाठवले असते, तर?

आता कोणी म्हणेल, मग काय कोणालाच काढू नये? तसे आम्ही म्हणत नाही. मुझुमदारांनंतर ओंकार साळवी आले आणि २०२३-२४ मध्ये मुंबईने ४२ वा करंडक जिंकला, हेही खरेच आहे. बदल वाईट नसतो. घाईचा बदल वाईट. शिक्षकाची परीक्षा तीन प्रश्नांनी घ्यावी. त्याच्या हाताखाली तरुण पोरे पुढे येतात काय? साखळीत संघ सुधारतो काय? आणि तो गेल्यावर मागे काय उरते? पंडित गेल्यावरही विदर्भ उभा राहिला. २०२४-२५ मध्ये विदर्भाचाच जुना खेळाडू उस्मान घनी शिक्षक असताना विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला.

अखेरच्या फेरीत दैवाचा वाटा किती असतो, तेही पाहा. त्याच मोसमातल्या अहमदाबादच्या उपांत्य सामन्यात केरळच्या पहिल्या डावात ४५७ धावा होत्या. गुजरात ४५५ वर पोचला होता, शेवटची जोडी खेळत होती. फलंदाजाने जोराने मारलेला चेंडू जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावर आपटून उडाला आणि स्लिपमधल्याच्या हाती विसावला! दोन धावांच्या आघाडीवर केरळ प्रथमच अंतिम फेरीत गेला. या उसळीबद्दल कोणत्या शिक्षकाला शाबासकी द्यावी आणि कोणाला दोष द्यावा?

पुढे नागपूरचा अंतिम सामनाही अनिर्णित राहिला; विदर्भ ३७९, केरळ ३४२, आणि निर्णय पहिल्या डावावर. विदर्भाचा हक्क आम्ही नाकारीत नाही. परंतु मार्च १९४९ मध्ये पुण्याला मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना सात दिवस चालला, दोन्ही संघांनी मिळून २३७६ धावा केल्या, आणि निकाल लागेपर्यंत कोणी मैदान सोडले नाही. आज सात दिवस कोणी देणार नाही, हे समजते. पण निदान अंतिम सामन्याला सहावा दिवस राखून ठेवावा, अशी आमची सूचना आहे. वर्षभराच्या घामाला चोवीस तास जास्त मिळाले तर काय बिघडेल?

आपल्या तालमीत ही समज पूर्वीपासून आहे. पाटोद्याचा राहुल आवारे रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली घडला. त्यांच्या निधनानंतर काका पवारांकडे गेला. वस्ताद बदलला तो काळाने, एका हरलेल्या कुस्तीने नव्हे. २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक आले, तेव्हा दोन्ही वस्तादांचे नाव आदराने घेतले गेले. ही रीत क्रिकेटवाल्यांनी आपल्याकडून शिकावी.

महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला तो प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली, १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये. २०१४ मध्ये सुरेंद्र भावे शिक्षक असताना आपण अंतिम फेरी गाठली. हैदराबादेत कर्नाटकाने हरवले. ते अपयश म्हणावे काय? आम्ही म्हणत नाही. बीडच्या सचिन धसने फेब्रुवारी २०२४ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, ४ बाद ३२ अशा अवस्थेत येऊन, ९६ धावा केल्या. असे पोर एका मोसमात तयार होत नाही. त्यामागे रोज सकाळी मैदानावर उभा राहणारा कोणीतरी असतो.

म्हणून, मंडळी, आपल्या शाळेचा संघ तालुक्याच्या सामन्यात हरून परत आला, तर क्रीडाशिक्षकाला एवढेच विचारा की गेल्या वर्षीपेक्षा पोरे बरी खेळली काय? उत्तर होय असेल, तर त्याला पुढचे वर्ष द्या.